खाण संपली, आणि पुढची खाण नव्हती: सीहॅमचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, संडरलँडच्या जरा दक्षिणेला सीहॅम आहे. लिहिताना सीहॅम, पण तिथली माणसं 'सीअम' म्हणतात. वस्ती २२ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान नगरपरिषदेएवढी. या एवढ्याशा गावात दगडी कोळशाच्या तीन खाणी होत्या आणि १९९३ संपेपर्यंत तिन्ही बंद झाल्या. गावाचं नाव खरंच ठेवलं आहे, कारण इथले निर्णय सार्वजनिक आहेत. कामगारांची आणि घरांची नावं मात्र कुठेही घेतलेली नाहीत.

हे गाव उभं राहिलं ते कोळसा वाहतुकीच्या भाड्याच्या हिशेबातून. लंडनडेरीच्या तिसऱ्या मार्क्विसच्या (मोठ्या उमरावाच्या) खाणी किनाऱ्यापासून आत, रेंटनच्या बाजूला होत्या. तिथला कोळसा विअर नदीपर्यंत न्यायचा, सपाट होड्यांत भरायचा, संडरलँडला नेऊन पुन्हा समुद्री जहाजात चढवायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणाचा तरी हात ओला करायचा. त्यापेक्षा स्वतःचं बंदर बांधलं तर? १८२१ मध्ये त्यानं मिलबँक घराण्याकडून सीहॅमची जमीन विकत घेतली. (याच घराण्यातल्या मुलीशी कवी बायरनचं लग्न १८१५ च्या जानेवारीत सीहॅम हॉलमध्ये लागलं होतं. लग्न वर्षभरच टिकलं, पण बायरनचं नाव आजही तिथल्या बाजारसंकुलाला आहे.) १८२८ मध्ये बंदराची पायाभरणी झाली आणि १८३१ मध्ये पहिलं कोळशाचं जहाज निघालं. बंदरामागोमाग गाव आलं. गावाखालीच कोळसा आहे म्हटल्यावर १८४० च्या दशकात तिथेही शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी, खणायला सुरुवात झाली.

सीहॅम खाणीतली एक घटना इथे सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांची चाल तिच्यात दिसते. ८ सप्टेंबर १८८० च्या पहाटे खाणीत स्फोट झाला. १६४ माणसं गेली. काही जण स्फोटानंतरही आत कित्येक तास जिवंत होते. त्यांच्यातल्या एकानं आपल्या पत्र्याच्या पाण्याच्या बाटलीवर खिळ्यानं बायकोसाठी निरोप कोरला: सकाळी सातला आम्ही चाळीस जण होतो, काही जण भजनं म्हणत होते, माझं लक्ष मात्र आपल्या छोट्याकडे होतं. घरी तो छोटा आजारीच होता आणि त्याच दिवशी गेला. आत आग धुमसत होती. ती विझवायची तर त्या भागाची हवा तोडायला हवी, म्हणजे भिंत घालून तो बंद करायला हवा. आत प्रेतं होती. विधवांचा आणि खाण कामगारांचा विरोध असताना भिंत घातली गेली आणि कित्येक प्रेतं पुढच्या वर्षी बाहेर आली. व्यवस्थापनाच्या बाजूनं खाण वाचवणं हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण निर्णय कुणी घेतला आणि तो कुणाला सोसावा लागला, या दोन याद्यांत एकही नाव सारखं नव्हतं.

विसाव्या शतकात आणखी दोन खाणी आल्या. डॉडनचं काम १८९९ ला सुरू झालं, व्हेन टेम्पेस्टचं १९२० च्या दशकात. दोन्ही किनाऱ्याला खेटून. इथले कोळशाचे थर पूर्वेकडे उतरत जातात, समुद्राच्या तळाखालून. शाफ्ट जमिनीवर, पण कामगार आत उतरून मैलोन् मैल समुद्राखाली चालत किंवा छोट्या गाडीनं जायचे. पाळी सुरू झाल्यावर प्रत्यक्ष कोळशाला हात लागेपर्यंतचा वेळ दर वर्षी वाढत गेला. तो वेळ पगारी होता, पण त्यात कोळसा निघत नव्हता.

१ जानेवारी १९४७ ला खाणी राष्ट्रीय झाल्या, सरकारी कोळसा मंडळाकडे आल्या. 'ही खाण आता जनतेच्या वतीने चालवली जाते' अशा अर्थाच्या पाट्या लागल्या.

अडचण कुठे रुजली

सीहॅमबद्दल लिहिताना बहुतेक जण १९८४–८५ च्या, खाणी बंद करण्याविरुद्धच्या खाणकामगारांच्या वर्षभराच्या संपापासून सुरुवात करतात. मला सुरुवात १९५१ ला दिसते.

सीहॅम ज्यात येतं त्या डरहॅम परगण्याच्या पश्चिमेकडचे थर तेव्हा संपत आले होते. परगण्यानं १९५१ मध्ये विकास आराखडा केला आणि गावांची प्रतवारी लावली. सर्वात खालची प्रत 'ड'. पहिल्या यादीत अशी ११४ गावं होती. तिथे नवी घरं नाहीत, पाण्याच्या-रस्त्याच्या नव्या कामांना पैसा नाही, माणसं हळूहळू निघून जातील अशी अपेक्षा. हे धोरण १९७० च्या दशकात सोडून दिलं गेलं, पण तोवर काही वस्त्या पाडूनही झाल्या होत्या. मग तिथल्या खाणकामगारानं जायचं कुठे? किनाऱ्याला. किनाऱ्यावरच्या खाणी मोठ्या, यंत्रांच्या, समुद्राखाली भरपूर साठा असलेल्या. कोळसा मंडळानं पैसा आणि माणसं दोन्ही तिकडे वळवली. सीहॅम, मर्टन, ईझिंग्टन, हॉर्डन इथे पश्चिमेकडून कुटुंबं येऊन राहिली. नवं शहर पीटरली याच भागात वसलं.

थोडक्यात, एका बंद खाणीवरचा उपाय म्हणून दुसरी खाण दिली गेली. त्या क्षणी हा उपाय दयाळू होता. माणसाच्या हातातलं कसब तसंच राहिलं, युनियनचं कार्ड तेच, शेजारी अर्धे ओळखीचे. पण या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती: प्रत्येक वेळी पुढची खाण असेल. किनारा ही शेवटची ओळ होती, आणि तिच्यापुढे पाणी.

प्रसंग: १९८७ ते १९९३

संप मार्च १९८५ ला मोडला. त्यानंतर किनाऱ्यावरच्या खाणी एकेक करत गेल्या. हॉर्डन १९८७. सीहॅमची जुनी खाण त्याआधीच व्हेन टेम्पेस्टला जोडली होती. १९९१ मध्ये डॉडन आणि शेजारचं मर्टन. मग १३ ऑक्टोबर १९९२ ला सरकारनं जाहीर केलं की देशातल्या ५० पैकी ३१ खोल खाणी बंद होणार, सुमारे ३० हजार नोकऱ्या जाणार. त्यांतल्या दहा तर ताबडतोब. व्हेन टेम्पेस्ट त्या दहांत होती.

कारणं गुपित नव्हती. वीज कंपन्या १९९० नंतर खाजगी झाल्या होत्या आणि त्यांना उत्तर समुद्रातल्या गॅसवरची नवी केंद्रं बांधायची होती. बाहेरून येणारा कोळसा स्वस्त पडत होता. समुद्राखाली कोळसा शिल्लक होता. उणीव गिऱ्हाइकाची होती.

समोर कोणते पर्याय होते

पर्याय तीन ठिकाणी तोलले गेले आणि तिन्ही ठिकाणचे लोक एकमेकांशी फारसे बोलत नव्हते. या प्रकरणातला सर्वात मोठा दोष मला इथेच वाटतो.

पहिलं ठिकाण स्वयंपाकघरातलं टेबल. समजा डॉडनमध्ये काम करणारा चाळिशी उलटलेला एक माणूस आहे, सोळाव्या वर्षापासून खाली उतरणारा. १९९१ मध्ये त्याच्यापुढे दोन कागद. एक, एकरकमी पैसे घेऊन मोकळं व्हायचं. दोन, व्हेन टेम्पेस्ट किंवा ईझिंग्टनला बदली घ्यायची. त्याच्या बापानं बदली घेतली होती आणि ते बरोबर ठरलं होतं. म्हणून तोही बदली घेतो. दोन वर्षांत त्या दोन्ही खाणी बंद. आता तोच प्रश्न पुन्हा, फक्त वय दोन वर्षांनी वाढलेलं आणि ज्या नोकऱ्या १९९१ ला रिकाम्या होत्या त्या डॉडनच्याच आधी बाहेर पडलेल्या मंडळींनी घेतलेल्या. त्या एकरकमी पैशांतल्या जादा रकमेला मुदत होती, आणि मुदत असली की माणूस हिशेब करत नाही, सही करतो.

दुसरं ठिकाण कोर्ट आणि खाणीचं फाटक. ठरलेली पुनर्विचाराची पद्धत डावलून दहा खाणी बंद करणं बेकायदा आहे, असा निकाल उच्च न्यायालयानं डिसेंबर १९९२ मध्ये दिला. व्हेन टेम्पेस्टच्या फाटकाशी बायकांनी ठाण मांडलं, थंडीत शेकोटी पेटवून. हे बघताना एक गोष्ट मनात येते. १८८० च्या विधवा खाणीच्या तोंडाशी उभ्या होत्या, या बायका फाटकाशी. या खेपेला कोर्ट त्यांच्या बाजूनं बोललं. पण कोर्टानं दिली ती सल्लामसलतीची प्रक्रिया. कोळशाला गिऱ्हाईक देणं कोर्टाच्या हातात नव्हतं. काही महिने मिळाले. त्या महिन्यांचा उपयोग 'खाण चालू ठेवा' या एकाच मागणीसाठी झाला. त्या मागणीला मी नावं ठेवणार नाही. पण 'बंद करायचीच असेल तर कोणत्या अटींवर' हा दुसरा मसुदा त्याच वेळी टेबलावर ठेवता आला असता. तो ठेवणं म्हणजे हार कबूल करणं, असं वाटलं असणार. संपात हरलेल्या माणसांना ते वाटणं मी समजू शकतो.

तिसरं ठिकाण म्हणजे परगणा आणि जिल्हा परिषदेची कचेरी. तिथे चार वाटा होत्या: मोठा कारखाना आणायचा, जमीन साफ करून छोट्या धंद्यांना द्यायची, किनारा स्वच्छ करून पर्यटन आणि घरबांधणीकडे वळायचं, किंवा काही न करता माणसं निसानच्या संडरलँडच्या कारखान्याकडे, न्यूकॅसलकडे जातील असं धरायचं. व्यवहारात दुसरी आणि तिसरी वाट निवडली गेली. चौथी आपोआप घडली.

काय केलं गेलं

१९९३ मध्ये पूर्व डरहॅमसाठी कृतिदल नेमलं गेलं. खाणींच्या इमारती, शाफ्टवरचे मनोरे भराभर पाडले गेले. जरा जास्तच भराभर. व्हेन टेम्पेस्टच्या जागी समुद्राकडे तोंड केलेली घरं आली, डॉडनच्या जागी कार्यालयांचं संकुल. शेजारच्या मर्टनला २००३ मध्ये सवलतीच्या दुकानांचं मोठं केंद्र निघालं.

पण ज्या कामासाठी हा किनारा ओळखला जातो ते वेगळं. खाणीतून कोळशाबरोबर दगड, माती, चिखल निघायचा. तो मलबा दशकानुदशकं सरळ समुद्रात टाकला जात होता. ब्लॅकहॉलला तर हवेतल्या दोरावरून बादल्या जायच्या आणि लाटांवर उलट्या व्हायच्या. किनारा काळा पडला होता. डॉडनखालच्या ब्लास्ट बीचवर एका विज्ञानपटाचं चित्रीकरण झालं, परग्रहाचा किनारा म्हणून. सेट उभारायची गरज पडली नसेल.

त्याच काळ्या वाळूत भरती ओसरली की माणसं उतरायची. मलब्यातून सुटलेला कोळसा लाटा चाळून एका रेषेत टाकतात. तो फावड्यानं पोत्यात भरायचा, सायकलच्या दांडीवर आडवं पोतं टाकायचं आणि सायकल ढकलत चढ चढायचा. संपाच्या वर्षी कित्येक घरांच्या चुली यावर चालल्या. खाणी बंद झाल्या, मलबा थांबला, आणि समुद्री कोळसाही आटत गेला. स्वच्छतेच्या जमाखर्चात ही वजाबाकी कुणी मांडत नाही.

१९९७ ते २००२ या काळात 'टर्निंग द टाइड' नावाचा प्रकल्प चालला. खर्च सुमारे १ कोटी पौंड, त्यातला मोठा वाटा मिलेनियम कमिशनच्या लॉटरी निधीतून. ईझिंग्टन आणि हॉर्डनच्या किनाऱ्यावरून जवळजवळ १३ लाख टन मलबा उचलला. कड्यावरची शेतजमीन घेऊन तिथे पुन्हा चुनखडी गवताळ रान केलं, पायवाट केली. २००१ मध्ये हा किनारा वारसा किनारा म्हणून घोषित झाला.

इथे एक निर्णय विचारपूर्वक झाला, म्हणून जरा थांबतो. ब्लास्ट बीचवरचा मलबा उचलला नाही. तिथे मलब्याचा जाड थर कड्याच्या पायथ्याशी साचला होता आणि त्यामुळे लाटा कड्यापर्यंत पोचत नव्हत्या. उचलायचा खर्च मोठा, ट्रकांचा त्रास वेगळा. समुद्र स्वतःच तो थर दर वर्षी थोडा थोडा कुरतडतो आहे. म्हणून समुद्राला काम करू द्यायचं ठरलं. आज तिथे उभं राहिलं की मलब्याच्या उभ्या कापात थर दिसतात: राखाडी, गंजलेले लाल, काळे. मधेच एखादा लोखंडी तुकडा. काम संथ आहे आणि फुकट आहे. पण जसजसा थर जाईल तसतशा लाटा पुन्हा कड्याला भिडतील, हेही त्या निर्णयात आलंच.

काय झालं

किनारा सुधारला, यात वाद नाही. समुद्रकिनारी चालायला, जेवायला, राहायला लोक येतात. सर्वात मजेशीर ओढ आहे काचेची. १८५३ ते १९२१ या काळात सीहॅममध्ये बाटल्यांचा मोठा कारखाना होता आणि उरलेली, फुटलेली काच समुद्रात फेकली जायची. शंभर वर्षं लाटांनी घासून तिचे गोल, धुरकट, हिरवे-निळे मणी झाले. ते वेचायला लांबून माणसं येतात, दागिने करून विकतात. एकाच किनाऱ्यावर टाकलेला एक कचरा कोटी पौंड खर्चून उचलावा लागला आणि दुसऱ्या कचऱ्यासाठी लोक रेल्वेचं तिकीट काढतात!

माणसांचं चित्र इतकं सरळ नाही. खाणी बंद झाल्यावर बेकारीचा आकडा अपेक्षेएवढा फुगला नाही, आणि त्यावर काही काळ समाधान मानलं गेलं. पण पन्नाशीतली, छातीत धूळ साठलेली, कंप पावणाऱ्या यंत्रांनी बोटं पांढरी पडलेली माणसं बेकारांच्या रांगेत न जाता आजारपणाच्या भत्त्यावर गेली होती. २००१ च्या जनगणनेत ईझिंग्टन जिल्हा (सीहॅम तेव्हा त्यातच होतं) दीर्घकालीन आजारपणात देशातल्या सर्वात वरच्या जिल्ह्यांत होता. १९९८ मध्ये छातीच्या आजारांबद्दल कोर्टानं ब्रिटिश कोलला (कोळसा मंडळाचं नंतरचं नाव) जबाबदार धरलं आणि भरपाई सुरू झाली. ती मिळेपर्यंत पुष्कळ जणांच्या जागी विधवाच दाव्यात उरल्या.

कुठे वेगळं करता आलं असतं

१९५१ ला पश्चिमेची गावं सोडताना किनाऱ्याच्या गावांत खाणीशिवायचा एखादा उद्योग त्याच आराखड्यात आणायला हवा होता. पीटरलीत पुढे काही कारखाने आले, बायकांना काम मिळालं, पण पुरुषांसाठी 'कोळसा आहेच' हे गणित चालू राहिलं. तेव्हा हातात ४० वर्षं होती. १९९२ ला महिने होते.

दुसरी गोष्ट, डॉडन ते व्हेन टेम्पेस्ट ही बदली. ब्रिटिश कोलला व्हेन टेम्पेस्टचं भवितव्य १९९१ मध्ये किती ठाऊक होतं यावर मी बोलणार नाही. पण बदलीच्या कागदावर 'ही खाण किमान इतकी वर्षं चालेल' किंवा 'याची हमी नाही' यांपैकी एक वाक्य असतं, तर टेबलाशी बसलेल्या माणसाला निवड करता आली असती. बंद होत जाणाऱ्या कुठल्याही उद्योगात मी ही अट सर्वात आधी मागेन.

तिसरी गोष्ट क्रमाची. जमीन साफ करायला निधी होता, कंत्राटदार होता, टन मोजता येत होते. माणसाच्या फुप्फुसाची तपासणी, नवं शिक्षण, दोन वेळच्या बसची सोय, यांचं मोजमाप अवघड. त्यामुळे पैसा मोजता येणाऱ्या बाजूला आधी गेला. माझा आक्षेप किनारा साफ करण्याला नाही. पण खाण बंद होण्याच्या दिवशीच प्रत्येक कामगाराची वैद्यकीय तपासणी करून तिची नोंद त्याच्या हातात दिली असती, तर भरपाईचे दावे पुढे इतकी वर्षं रखडले नसते, असं माझं मत आहे.

चौथी लहान वाटते, पण गावातल्यांना तीच लागते. शाफ्टवरचे मनोरे इतक्या घाईनं पाडले नसते तर? एखादा ठेवला असता, तर डॉडन कुठे होतं हे पोराला दाखवायला पाटी लागली नसती.

आणि एक गोष्ट अजून संपलेलीच नाही. पंप थांबले तशी रिकाम्या खाणी पाण्यानं भरू लागल्या. ते खारट, लोहयुक्त पाणी वर चढून चुनखडीतल्या पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात शिरण्याचा धोका होता. म्हणून जुन्या खाणींची देखभाल करणाऱ्या सरकारी संस्थेनं, कोल अथॉरिटीनं, डॉडनला शुद्धीकरण केंद्र उभारलं. तिथे खाणीतलं पाणी उपसून, साफ करून समुद्रात सोडलं जातं. जमिनीच्या पोटात राहिल्यामुळे ते पाणी बारमाही १८ ते २० अंशांवर असतं. उष्णता काढणारे पंप लावून त्यावर गावाच्या कडेच्या नव्या वसाहतीतली सुमारे १५०० घरं गरम करायची योजना आखली गेली. डॉडनच्या खाली आता कुणी उतरत नाही. पाणी मात्र रोज वर येतं.